भुजंगप्रयातातला गोल्फ

३ मार्च, सकाळ.
संकल्प: गोल्फ शिकायचा. आमच्या काजूच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, कोर्स झाला, २९ला उद्घाटन. विक्रीच्या कागदावर सही घेताना मॅनेजर म्हणाला होता, पहिला शॉट अंकलचा. धाकटा भाऊ शांताराम त्या सहीपासून माझ्याशी बोलत नाही. त्याचा वाटाही मी गोड बोलून घालवला, असं गावभर सांगतो. एक शॉट उंच गेला की त्याला पटेल, सडा आपलाच आहे.

६ मार्च.
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. जोर हातांत नसतोच. पाय जमीन दाबतात, मग कंबर वळते, मग खांदे. हात सगळ्यात शेवटी. म्हणजे भुजंगप्रयात! लगागा पाय, लगागा कंबर, लगागा खांदे, लगागा हात. जन्मभर वर्गात वृत्तं शिकवली, ती फुकट गेली नाहीत.

९ मार्च.
अंगणात सराव. क्लब म्हणून काजू पाडायची काठी, बॉल म्हणून लिंबू. लिंबू जागेवर, कुंडी फुटली. बायको, पद्मावती, दारातून म्हणाली, "काजी गेल्यो, काठी तेवडी उरली." अनुप्रास चांगला. अर्थाकडे लक्ष दिलं नाही.

१४ मार्च.
लिंबू हललं. पण कंबरेआधी हात धावले, जोर वाया. लहानपणी याच दिवसांत सडाभर काजूच्या बोंडांचा वास असायचा. शांताराम माझ्या खांद्यावर बसून वरची बोंडं तोडायचा. त्याला उद्घाटनाचा निरोप धाडला. उत्तर नाही. म्हणजे येणार.

२२ मार्च.
कंबर धरली. विश्रांती हाही सरावच.

२९ मार्च, संध्याकाळ.
पडून लिहितोय. मॅनेजरने ओळखलं नाही, आठवण करून द्यावी लागली. मग त्याने हातात क्लब दिला, फोटोवाला बोलावला. नुसतं उभं राहा म्हणाला. मी मारायला घेतला. पाय उत्तम. दुसऱ्या लगागाला कळ आली आणि खालीच बसलो. बॉल तसाच. बॅटरीच्या गाडीत घालून मला फाटकाबाहेर सोडलं.
शांताराम आला होता. आत नाही, फाटकाबाहेर. स्कूटरवर बसवलं. वाटेत एवढंच म्हणाला, "दादा, डोंगर दिलंस, आता कंबरय दिलंस."
बोलला, हे महत्त्वाचं.
आता तो स्वयंपाकघरात चहा घेतोय. यंदा लाटंबार्से गावात दुसऱ्याच्या काजी राखतो म्हणे. पद्मावतीने थोडी बोंडं मागितली, तो हो म्हणाला. मी हाक मारली. दोघंही गप्प झाली. मग पुन्हा बोलू लागली, हळू आवाजात.