सुरतेहून आलेली सुई

प्रिय भाऊ,

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी चहा घेताना आप्पांनी पुन्हा खिशातून ती पुडी काढली, रेकॉर्डची सुई तळहातावर घेतली आणि म्हणाले, "एक दिन पहिले घर उनू असतू तं पोऱ्यानी गानं आयकं असतं. मन्हंच चुकनं." आई तोंड फिरवून बसली. ती बोलतच नाही आता त्यांच्याशी. म्हणून लिहायला बसले. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

भाऊ, सुई मोडलीच नव्हती रे!

तुझी रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी लागली आणि त्याच वर्षी तू सुरतेहून पहिली विलायती रेकॉर्ड आणलीस. आप्पांनी विचारलं होतं, "हाई गानं शे का भांडन?" तुझा नियमच होता, वर्षाची एकच. दुकानात उभं राहून सगळ्या ऐकायच्या, सगळ्यांत आवडेल ती आणायची आणि कव्हरवर निळ्या पेन्सिलीनं साल घालायचं. चौसष्ट ते अडुसष्ट, पाचही मला पाठ आहेत. इंग्रजीचा गंध नाही, तरी पाठ आहेत! सहासष्टच्या रेकॉर्डमध्ये मधेच सतार वाजली, तेव्हा आई कणकेच्या हातांनी बाहेर आली होती. अडुसष्टचा ढोल ऐकून शेजारच्या काकूंना वाटलं, पत्रे कोसळले. सदुसष्टची मात्र मला कधीच आवडली नाही. तसं म्हटलं तर तू दोन दिवस अबोला धरलास!

मग तुला हा टायफॉईड. डॉक्टर म्हणाले, अंथरूण-पांघरूण उन्हात घाला. आई म्हणाली, "बठ्ठं ऊनमा टाक वं, रोग पयी जाई." मी तर अतिशहाणी! गोधड्या टाकल्या, उशा टाकल्या. रेकॉर्डच्या कव्हरांनाही कुबट वास येत होता, म्हणून पाचही बाहेर काढून गच्चीवर मिरच्यांच्या शेजारी मांडल्या. आपल्याकडे मिरची काय, पापड काय, गादी काय, सगळ्याला ऊनच औषध. संध्याकाळी मिरच्या गोळा करायला गेले, तर पाचही पापडासारख्या वाकलेल्या.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी तू म्हणालास, "मंगे, चौसष्टपाईन लाव. एकेक करीसन."

मी म्हटलं, सुई मोडली.

वाटलं, तू बरा होशील, मग खरं सांगेन, चार शिव्या खाईन. पण तू आप्पांना हाक मारलीस, सुई आणायला सांगितलंस. ज्यांना ते भांडण वाटायचं ते आप्पा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सुरतेला गेले! एका दुकानात मिळाली नाही, दुसऱ्यात मिळाली नाही, मुक्काम पडला. ते पुडी घेऊन दारात आले तेव्हा तुला खाली घेतलं होतं. पोराच्या शेवटच्या घडीला बाप जवळ नव्हता, आणि तो माझ्यामुळे नव्हता. आई म्हणते, एका सुईपायी सुरतेला राहिले. ते मान खाली घालून ऐकतात. मी ताटं वाढते आणि गप्प बसते. मी माणूस आहे का रे?

पाचही रेकॉर्ड मी पाट्याखाली दाबून ठेवल्या आहेत. रोज काढून बघते. सरळ होत नाहीत.

एक विचारू? काल मी तुझ्या खाटेवर पडून पाहिलं. खिडकीतून गच्चीचा, रेकॉर्ड मांडल्या होत्या तोच कोपरा दिसतो. तुला दिसलं होतं का? दिसूनही सुई मागितलीस का, माझी लाज राखायला? मग रागावला का नाहीस? सदुसष्टसाठी अबोला धरणारा तू! एकदा तरी ओरडायचंस, भाऊ. मी तिथल्या तिथे खरं बोलले असते, आप्पा गेलेच नसते.

उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. पण माझं वचन घे. हे पत्र संपलं की मी पाटा उचलणार, पाचही रेकॉर्ड आप्पांच्या पुढ्यात मांडणार, आईच्या देखत. मग मला घराबाहेर काढलं तरी चालेल. पण आज आई त्यांना जेवायला हाक मारेल.

आप्पा ओसरीवर बसलेत. उठते.

तुझी,
मंगल