तिसरं चेनव्हील आणि पहिला धोंडा

१२ मे १९९६, रविवार. सकाळी ८.४०
आजपासून रोजनिशी. फक्त सायकलीविषयी. घरच्या भानगडी लिहायच्या नाहीत.

सायकल: वाकड्या हँडलची रेसर. बदली होऊन गेलेल्या डेप्युटी इंजिनिअरांच्या मुलाची, फेब्रुवारीत घेतली. पुढं पायडलपाशी दोन चेनव्हील, म्हणजे चेनची दातेरी चाकं, मागं तशीच लहान पाच, एकूण दहा गियर. बारामतीत अशी दुसरी नाही. निदान मी पाहिलेली नाही.

आज पिंपळीपर्यंत प्रॅक्टिस. कालव्याच्या पुलावर बिरू दूधवाल्यानं मागं टाकलं. बिरूचं वय पन्नासच्या पुढं, सायकल काळी, गियर एकही नाही, दोन्ही अंगाला दुधाचे भरलेले कॅन. जाता जाता विचारतो, सायेब, पंक्चर हाय का? नाही म्हणालो. तर म्हणे, मग उतरून का न्हाय चालत, लवकर पोचाल.

निष्कर्ष: दोष पायात नाही, गियरमध्ये आहे. पुढं दोनाऐवजी तीन चेनव्हील हवीत. तिसरं लहान. चढाला तेच लागतं. परदेशात सगळे तेच वापरतात.

प्रश्न माझ्या इभ्रतीचा आहे. दिवाळीत सासुरवाडीला, इंदापूरला, साडू युवराजनं नव्या मोटारसायकलवरून तासभर भाषण ठोकलं. तेव्हा मी चारचौघांत सांगून टाकलं की आमच्या पहिल्या धोंड्याला मी बारामतीहून सायकलवर येणार. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. जोडीनं पाटावर बसायचं, पुरणाचे धोंडे, ताटात तेहतीस अनारसे. जावई त्या दिवशी देव असतो. तो पंक्चर झालाय का असं कुणी विचारता कामा नये.

१४ मे, मंगळवार
ऑफिसात गियरचं ड्रॉइंग काढलं. मी कालव्याच्या ऑफिसात ट्रेसर आहे. साहेब लोक सह्या करतात, रेषा माझ्या असतात.

संध्याकाळी सोपानच्या सायकल दुकानात. पुण्याहून तीन चेनव्हीलचा तयार सेट आणायला नऊशे पडतील म्हणाला. अशक्य. मग म्हणतो, पुढचं ऱ्हाऊ द्या, मागचं फ्रीव्हील मोठं टाकू, शंभरात काम हुतंय. याला म्हणतात मेकॅनिक बुद्धी. मी सिस्टिमचा विचार करतोय, हा सुटा भाग विकतोय. ड्रॉइंग दाखवलं. त्यानं ते उलटं धरून पाहिलं.

१९ मे, रविवार
तोडगा निघाला. सोपानच्या भंगारात लहान मुलांच्या सायकलचं चेनव्हील सापडलं. अठ्ठावीस दाते, पाहिजे तेवढेच. फुकट दिलं. बसणार न्हाय म्हणाला, पण फुकट दिलं. नऊशे रुपये वाचले.

रेश्माला दाखवलं. म्हणाली, हे बाळाच्या सायकलचं हाय. म्हटलं, बाळाच्याच सायकलचं आहे, पण रेशो बघ. तिनं बघितला नाही. बायकोनं एकदा तरी रेशो बघावा.

२३ मे, गुरुवार
चेन बसत नाही. मुलांच्या सायकलचे दाते जाड, रेसरची चेन अरुंद. चेन दात्यांवर नुसती उभी राहते.

अडचण नाही. कानस घेतली. प्रत्येक दाता दोन्ही बाजूंनी घासायचा. रोज चार दाते. सात दिवस.

१ जून, शनिवार
सात दिवसांत नऊ दाते. कारण: कानस बोथट. दुसरं कारण: रेश्मा म्हणते, जेवताना कानस नको.

७ जून, शुक्रवार
घासून पूर्ण. शेवटचा दाता घासता घासता मोडला. आता सत्तावीस. म्हणजे गियर आणखी हलका झाला. हे मूळ डिझाइनमध्ये नव्हतं, पण फायद्याचंच आहे.

८ जून, शनिवार
चेनव्हील लावल्यावर फ्रेमला घासतं. सोपाननं लांब एक्सल टाकला. उजवं पायडल बोटभर बाहेर आलंय. सवय होईल म्हणालो. सोपान म्हणाला, तुमाला हुईल, गुडघ्याला न्हाय.

एक्सल, वॉशर, वेल्डिंग, मजुरी मिळून दोनशे दहा. तरी नऊशेच्या मानानं काहीच नाही.

१२ जून, बुधवार
ट्रायल. लहान चेनव्हीलवर घेतलं की चेन सैल पडून लोंबते आणि जमिनीला लागायच्या बेतात येते. रस्त्यानं जाताना खळखळ आवाज. भाजीवाल्या बायका बाजूला झाल्या, त्यांना वाटलं मागून बैलगाडी आली.

उपाय मीच सुचवला: चेन कापून आखूड करायची. सोपान म्हणाला, करतो, पण मोठ्यावर मोठं कधी बी घेऊ नगा. म्हणजे पुढचं मोठं चेनव्हील आणि मागचं मोठं दातेरी चाक एकाच वेळी नाही. तेवढ्याला चेन पुरणार न्हाय, गियर उपटून हातात येईल. तीनदा सांगितलं. मी नकाशे वाचणारा माणूस. मला एकदा पुरतं.

१६ जून, रविवार. सकाळी ७.१५
पिंपळीचा पूल जिंकला.

लहान चेनव्हीलवर चढलो. दम लागला नाही. पाय मिक्सरसारखे फिरत होते. वेग थोडा कमी, हे मान्य. बिरू शेजारून चालत होता. चालत म्हणजे पायी, सायकल हातात धरून, कॅन भरलेले. पूल संपेपर्यंत त्यानं म्हशीच्या पायाला काय झालंय ते सगळं सांगितलं, आणि वर पोचल्यावर म्हणाला, चला, बसतो आता, घाई हाय.

पण मी उतरलो नाही. मुद्दा तो होता.

१८ जून, मंगळवार
काल अधिक महिना लागला. मामांचं पत्र आलं. मामा म्हणजे सासरे, आप्पासाहेब. लिहितात, रविवार ता. ७ जुलैला धोंडा ठरवला आहे, दादासाहेब आपण उभयतांनी यावे, ओवाळणी बाराच्या आत व्हायला हवी, सगळी भावकी बोलावली आहे. उलट टपाली कळवलं: सायकलवर येत आहे, ठीक साडेनऊला वेशीवर असेन. हारतुऱ्यांची गरज नाही. म्हणजे आणलेच तर हरकत नाही.

ऑफिसात हेड ट्रेसर रावजींना प्लॅन सांगितला. रावजींनी कपाटातून एक नकाशा काढून समोर पसरला. नीरा डाव्या कालव्याचा. मीच गेल्या वर्षी ट्रेस केलेला. म्हणाले, रस्ता इंदापूरपर्यंत कालव्याच्या संगतीनं जातो. कालवा पाण्याचा हाय दादासाहेब, पाणी चढावर जात न्हाय. पिंपळीच्या पुलाएवढा चढ पुढं कुठं हाय ते बोटानं दाखवा.

मी निळ्या रेषेवरून बोट फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं.

नकाशा वेगळा आणि मांडी वेगळी, हे टेबलावर बसून कळत नाही. शिवाय वारा असतो.

३० जून, रविवार
रेश्मा म्हणते, दोघं एसटीनं जाऊ. पहिला धोंडा हाय, मी एकटी पिशवी घेऊन माहेरच्या दारात उतरू का? लोक काय म्हणतील? समजावलं, मी तुझ्याआधी तिथं असणार, उलट तुला उतरवून घ्यायला स्टँडवर येईन. ती म्हणाली, तुमी कधी काय आधी केलंय? मग रडली. मला वाईट वाटलं. पण आता माघार घेतली तर युवराज जन्मभर बोलेल. आणि तीन चेनव्हीलवर एवढा खर्च करून एसटीनं जाणं म्हणजे पैशाची नासाडी.

ठरलं. माझा सफारी सूट तिच्या पिशवीत, ती आठच्या एसटीनं, मी पहाटे.

७ जुलै, रविवार. पहाटे ५.३०
निघायचं ठरलं होतं पाचला. हवा कमी होती. पंप सोपानकडे. सोपानला उठवलं. त्यानं नुसता पंप दिला.

सकाळी ६.२५, पिंपळी
पुलावर लहान चेनव्हील घेतलं. योजनेप्रमाणे. आज बिरू दिसला नाही. नेमका आज.

सकाळी ७.०५, काटेवाडी
चहा. तिसरं चेनव्हील अजून दुसऱ्यांदा लागलं नाही. रस्ता काहीसा सपाट आहे.

सकाळी ८.३०, सणसरच्या पुढं
तपशील लिहून ठेवतो.

वारा समोरून, म्हणून मागं मोठं दातेरी चाक घेतलेलं. हॉटेलापुढं बाकड्यावर सात-आठ जण बसलेले. एकजण म्हणाला, आयला, ही कसली सायकल. साहजिकच जरा वेगानं जाऊन दाखवावंसं वाटलं. पुढच्या गियरचा खटका ओढला. मोठं चेनव्हील.

मोठ्यावर मोठं.

आवाज मोठा झाला. मागचा गियर उपटून स्पोकमध्ये गेला, चार स्पोक गेले, चेन तुटली, मी बाकड्याजवळ. सगळ्यांनी उचललं, पाणी दिलं. माणसं चांगली आहेत. तोच माणूस म्हणाला, ह्याला तीन तीन चाकं कशाला वो? चढ हाय कुठं हितं?

सोपानची चेन निकृष्ट असावी.

सकाळी ९.१०
एसटी आली. बारामती-इंदापूर. खिडकीत रेश्मा. तिनं मला पाहिलं, कंडक्टरला सांगून गाडी थांबवली. कंडक्टर म्हणाला, सायकल टपावर टाकू, चला बसा. गाडीतली सगळी माणसं डाव्या बाजूला वाकली.

मी म्हणालो, किरकोळ ॲडजस्टमेंट आहे, तुम्ही व्हा पुढं, मी आलोच. चेन पाठीमागं धरली होती. हात कोपरापर्यंत काळे. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीतून मागं बघत होती. तेव्हाच पळत जायला हवं होतं, हे आता वाटतं. तेव्हा वाटलं, एवढ्या लोकांसमोर टपावर सायकल चढवायची म्हणजे काय राहिलं.

सकाळी ११.२०
जवळच्या दुकानात रेसरचं काहीच मिळत नाही. दुकानदारानं सायकल निरखून पाहिली आणि विचारलं, हे बाळाच्या सायकलचं हाय का?

हॉटेलात फोन आहे. मामांच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे आहे. पण फोन केला तर काय झालं ते सांगावं लागेल.

दुपारी १२.४०
एकही एसटी थांबली नाही. एक थांबली, पण भरलेली. बारा वाजून गेले. बहुतेक थांबले असतील. जावयाशिवाय धोंडा कसा करणार?

दुपारी २.१०
ट्रॅक्टर मिळाला. ट्रॉलीत शेणखत आहे. सायकल वर, मी वर.

८ जुलै, सोमवार. सकाळी. इंदापूर
पावणेचारला पोचलो. वेशीवर कुणी नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं दारापर्यंत सोडलं, तेवढं बरं झालं, आणि वाईटही झालं, कारण अंगणात युवराज मोटारसायकल पुसत होता. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि आत वर्दी दिली, पाव्हणं आलं.

धोंडा उरकला होता.

अकरापासून सगळे वाट बघत बसले होते. रेश्मा प्रत्येक गाडीच्या आवाजाला दारात जात होती. पावणेबारा झाले तेव्हा मामांच्या बहिणीनं, म्हाळसा आत्यांनी, मार्ग काढला. नवरा हजर नसला की पूजेला सुपारी मांडतात. तशी रेश्माच्या शेजारच्या पाटावर सुपारी मांडली. सुपारीला कुंकू लावलं, ओवाळलं. सुपारीपुढं धोंड्यांचं ताट, तेहतीस अनारसे, दिवा. मामांनी जावयाला केलेली अंगठी सुपारीभोवती ठेवली. अगदी बसली म्हणे. युवराजनं वरून टोपी घातली. भावकी हसली. रेश्मा मान खाली घालून बसली होती, हे मला मामींनी सांगितलं.

मी मामांना म्हणालो, आता मी आलोय तर परत एकदा ओवाळून घेऊ. मामा म्हणाले, एका धोंड्याला दोन जावई बसवत न्हाईत, दादासाहेब. अंघोळ करा, पाणी तापवलंय. अनारसे पाच उरले होते. ते खाल्ले. चांगले होते.

मामांनी सायकल गोठ्यात ठेवली. म्हशी तिच्याकडं बघत नाहीत.

रात्री रेश्मा मामींजवळ झोपली. आज सकाळी मीच विषय काढला. वाऱ्याचं सांगितलं, चेनचं सांगितलं, सोपाननं नीट इशारा द्यायला हवा होता हेही सांगितलं. तिनं वेणी घालता घालता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सुपारी बरी. वेळेवर आली, सांगितलं तिथं बसली, आणि सायकलीबद्दल एक शब्द बोलली नाही.



दहाच्या एसटीनं परत. पिशवी भरताना तिनं अंगठी माझ्या हातात दिली. सुपारी मात्र आपल्या कुंकवाच्या डबीत ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. तीन वर्षांनी परत अधिक महिना येईल, तेव्हा लागंल म्हणाली.