दीडशे ग्रॅम जास्त

प्रिय मुंगे,

सगळ्यात आधी दारात उगवल्या त्या तुझ्या आत्याच्या जुळ्या, त्यांच्या मागून धापा टाकत ती स्वतः, आणि तिच्या मागून जावईबापू, दोन्ही बगलांत दोन वजनकाटे धरून. एक तळहाताएवढा आणि एक माणूस उभा राहील एवढा, काचेचा. लोक पाहुणे म्हणून येताना फळं आणतात, आमचे जावई काटे आणतात. तीस वर्षं वजनमापं तपासायची नोकरी केली, दुकानादुकानांत जाऊन कोण मापात किती मारतो ते पकडलं, आता ती सवय घरी ठेवून कुठे जाता येत नाही म्हणे. त्यांच्या स्वयंपाकघरातली फरशी उखडलीय, म्हणून सहा दिवस आमच्याकडे. मला काय, हर्षच झाला! दोन खोल्यांत सात माणसं, कुणाची चप्पल कुणाच्या पायात, आणि जुळ्या तर खातात चौघींचं नि बोलतात आठ जणींचं. आल्या आल्या जावईबापूंनी एकेकाला मोठ्या काट्यावर उभं केलं. मी चष्मा काढून ठेवला, म्हटलं तेवढंच कमी भरेल. तर म्हणाले, सासूबाई, चष्मा कमी केलात पण कनवटीची किल्ली राहिली. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

थांब, उठून आले जरा. दूध उतू जातंय असं वाटलं, पण दूध ठेवलंच नव्हतं. आज असंच चाललंय बघ, एका जागी बसवत नाही. तुझ्या बापालाही बसवत नाही. मघापासून दोनदा डोकावून गेला. काही विचारत नाही, नुसता दाराची कडी हलवून बघतो, जशी काय ती आजच बिघडणार आहे.

हां, तर पहिल्याच दिवशी दुपारी जेवताना तुझी आत्या बोलून गेली, की आम्ही हल्ली आठवड्यातून चार दिवस बाहेरूनच डबे मागवतो, घरी करण्यापेक्षा स्वस्त पडतं. झालं. तुझ्या बापाचा घास हातातच राहिला. म्हणाला, स्वस्त? त्यात भरतात काय, वारा? आत्या कसली ऐकते! ती म्हणाली, दादा, आईचे आणि वहिनीचे हात तू फुकटात धरतोस, म्हणून तुला घरचं स्वस्त वाटतं. तुझ्या आईला एकदम खोकला आला. मला माहीत आहे तो खोकला, हसू गिळलं की येतो. भावाबहिणीचं वाढायला लागलं तसे जावईबापू मधे पडले. म्हणाले, मेहुणे, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. तीन दिवस संध्याकाळी घरचं खाऊ, तीन दिवस बाहेरचं. मी सगळं वजन करतो, गॅसच्या टाकीपासून भांडी घासायच्या साबणापर्यंत. चारशे ग्रॅमला, म्हणजे एका माणसाच्या जेवणाला, कुठे किती रुपये पडतात ते बघू. तुझा बाप म्हणाला, आणा, एकदाच होऊन जाऊ दे. पण बाहेरचं मी तोंडात घालणार नाही, मी माझं अंडं उकडून पावाबरोबर खाईन.

तो असं का म्हणाला ते तुला काय सांगायचं. तू पाणीखात्यातली पक्की नोकरी सोडलीस, ती त्याने कुणाकुणाचे उंबरे झिजवून लावून दिलेली, आणि डबे विकायचं दुकान काढलंस. त्या दिवशी तो बोलला, माझ्या घरात बाहेरचं अन्न येणार नाही, आणि तू म्हणालीस, मग मीपण येणार नाही. दोघंही एकाच मापाने कापलेले. अकरा महिने झाले, मुंगे. पहिल्या महिन्यात तू मला ती दुकानाची छापील चिठ्ठी पाठवलीस ना, ती मी सुया-दोऱ्याच्या डबीत तळाशी घालून ठेवली. तुझ्या आईला दाखवली नाही. ती चांगली आहे ग, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, लगेच डोळ्यांत येते. मी अधूनमधून चिठ्ठी काढायची, त्यावरचा फोनचा नंबर वाचायची आणि परत ठेवायची. चौथीपर्यंत शिकले ते एवढ्यासाठीच की काय कोण जाणे.

म्हणून बाहेरचं खायचं ठरलं तशी मी म्हटलं, डबे कुठून आणायचे ते माझ्यावर सोडा, खालचा औषधवाला एका ठिकाणाहून आणतो, चांगलं असतं म्हणतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर चूल सांभाळली ती म्हातारी बाहेरच्या डब्यांची वकिली करतेय! आत्या म्हणाली, आई, तुझं डोकं गरम तर नाही ना? आणि माझ्या मनात काय होतं सांगू? मला बाहेरचं जिंकायला हवं होतं. एकदा ते स्वस्त ठरलं की तुझ्या बापाला बोलायला जागा राहणार नाही, आणि मग तुझे डबे या घरात राजरोस येतील. डबे आले की तू किती लांब राहशील?

पण माझीच अडचण मला. पन्नास वर्षं काटकसरीने रांधलेलं, हात वळेना. जावईबापू सालंसुद्धा तोलतात, आणि माझी बटाट्याची सालं इतकी पातळ की काट्यावर आकडाच उमटेना. पहिल्या संध्याकाळचा हिशेब ते बोलले, माणशी बत्तीस! तुझा बाप मिशीतल्या मिशीत हसला. मी रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी मी उधळायला सुरुवात केली. सालं जाड काढली, अर्धा कोबी टाकून दिला, गॅस नुसताच पेटता ठेवला, आणि रश्श्यात तेल असं ओतलं की तुझ्या आईने माझा हात धरला. म्हणाली, आई, काय करताय? मी म्हटलं, पाहुणे आहेत. तर झालं भलतंच. तेलाने रस्सा असा काही उतरला की पातेलं चाटूनपुसून साफ. जुळ्यांनी तीनतीनदा भात घेतला. जावईबापू म्हणाले, सासूबाई, इतक्या वर्षांत तुमच्या हातचं असं खाल्लं नव्हतं. आता यात मी खूश व्हायचं की रुसायचं? म्हणजे इतकी वर्षं काय खात होते? तिसऱ्या दिवशी आणखी तेल, आणखी अंडी. जीव तुटत होता ओतताना, पण ओतलं. तीन दिवसांची सरासरी निघाली सेहेचाळीस. तुझ्या चिठ्ठीवर छापलंय साठ, चारशे ग्रॅमला. एवढं करूनही चौदाने हरतच होते मी.

मग तुझे डबे आले. चिठ्ठीवरच्या नंबरावर औषधवाल्याकडून फोन करवला, त्याला फक्त पत्ता सांगायला लावला. तो म्हणाला, पलीकडच्या बाईने पत्ता दोनदा विचारला, मग नुसतं हो म्हणाली. मी त्याला म्हटलं, लाइन खराब असेल. हेल्मेटवाली बाई सात डबे देऊन गेली तेव्हा मी ते उराशी धरून दारातच उभी राहिले, शेवटी जुळ्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतले. झाकण उघडलं आणि वास आला, मुंगे, काय सांगू, मला उठून न्हाणीघरात जावं लागलं. वाटाणे शेवटी घालायचे म्हणजे हिरवे राहतात, हे तुला मी शिकवलं होतं. सगळे जेवले. तुझा बाप टेबलाच्या टोकाला बसून अंडं सोलत राहिला. अंडं सोलायला एवढा वेळ कुणाला लागतो का? दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या वाटचा डबा जुळ्यांनी वाटून खाल्ला. जावईबापू मात्र रोज प्रत्येक डबा भरलेला तोलायचे, रिकामा तोलायचे, वजा करायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. त्यांच्या कपाळावर आठ्या वाढत चाललेल्या मी पाहत होते. मला वाटलं, पोरगी कमी भरते की काय! माझा तर जीवच थाऱ्यावर राहिला नाही. कमी निघालं असतं तर तुझ्या बापाने जन्मभर ऐकवलं असतं.

तिसऱ्या संध्याकाळी निकाल. जावईबापू चष्मा पुसून उभे राहिले, जसं काही न्यायालयात आहेत. म्हणाले, डब्यावर लिहिलंय चारशे ग्रॅम, आणि एकवीसच्या एकवीस डब्यांत निघाले साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे वजनाने पाहिलं तर चारशेला पडतात चव्वेचाळीस. घरचं सेहेचाळीस. बाहेरचं जिंकलं. आत्याने टाळी वाजवली, मी वाजवायला हात उचलला, तर ते म्हणाले, थांबा. हा निकाल मला मान्य नाही. हे वजन चुकीचं आहे. तीस वर्षांत कमी भरणारे हजार पकडले, डब्यामागे दीडशे ग्रॅम जास्त भरणारा हा पहिलाच. हा माणूस एकतर वेडा आहे, नाहीतर याच घरातला आहे.

ते आपले थट्टेने बोलले ग. जुळ्या खिदळल्या. पण तुझ्या बापाने अंडं खाली ठेवलं. त्याच्या वाटचा डबा पुढे ओढला, लहान काट्यावर ठेवला आणि त्या लाल आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, एवढं भरून पुरेल का तिला?

तिला. जावईबापू हा माणूस, हा माणूस म्हणत होते आणि हा म्हणाला, तिला. तुझ्या आईचा डाव हातातून सुटून खणकन पडला, तो उचलायलाही कुणी वाकलं नाही. मग त्याने चमचा घेतला आणि खायला लागला. सगळा डबा संपवला, कडेला चिकटलेली शितंसुद्धा. मला वाटलं आता रडेल, पण कसला रडतोय! विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडायला बसला. तांदूळ इतके, तेल इतकं, गॅस, डबा, झाकण, त्या हेल्मेटवाल्या बाईची मजुरी. आणि ओरडला माझ्यावर! म्हणाला, साठाचा डबा तिला एकाहत्तरला पडतोय, आई! दर डब्याला अकरा खड्ड्यात! असं भरत बसली तर सहा महिन्यांत दुकानाला कुलूप लागेल. कुणी सांगत कसं नाही तिला? मी म्हटलं, सांगणारे अंडी सोलत बसलेत. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी त्याला म्हटलं, ती सगळ्यांना असं भरत नसेल रे, आपला पत्ता ऐकून भरलं असेल. तर तो उठून दाराची कडी बघायला गेला.

परवा पाहुणे परत गेले, घर एकदम रिकामं झालं, आणि कालपासून तो असा येरझाऱ्या घालतोय. आज सकाळी माझ्यापुढे कागद नि पेन आणून ठेवलं. तुला माहीत आहे, आवक-जावकचा कारकून तो, तोंडी काही धरतच नाही. म्हणाला, लेखी कळव तिला. मी विचारलं, तूच का नाही लिहीत? तर म्हणाला, माझं अक्षर ती वाचणार नाही. मग लिहायला लावलं ते असं, नीट वाच, हे त्याचे शब्द आहेत: डबे चारशे ग्रॅमचेच हवेत, एक दाणा जास्त नको. पैसे पूर्ण दिले जातील. मागच्या एकवीस डब्यांच्या जास्तीचेही दिले जातील. पोचवायला कुणाला पाठवू नये, दुकानावर येऊन तो स्वतः घेईल. आणि बुधवारी डबे आठ. तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, आपण नि पाहुणे मिळून सातच जण होतो. तर म्हणाला, मोजता येतं मला. आता तिसऱ्यांदा दारात येऊन उभा आहे, पायात चपला आहेत, पत्र पेटीत तोच टाकणार. मी आता पुरं करते, नाहीतर हातातून ओढून घेईल. आठवा कुणाचा ते मी त्याला विचारलं नाही, तूही विचारू नकोस, नुसती त्याच्याबरोबर चालत ये. त्या फरशीवाल्याने उलटीच फरशी बसवलीय म्हणे, सगळी पुन्हा काढायची आहे, तेव्हा आत्या, जावईबापू आणि जुळ्या बुधवारी येतो म्हणालेत.

तुझीच, वाट बघत बसवत नाही अशी,
आजी