धूर गया डोयामा

देवपूर, धुळे
१० नोव्हेंबर २०२५

सौ. अक्कांस किरणचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही, भाऊ आणि घरची सगळी मंडळी खुशाल असाल. आम्ही इकडे बरे आहोत. ललितला कंपनीत आता दिवसपाळी मिळाली आहे, त्यामुळे संध्याकाळी माणूस घरात दिसतो. नळाला पाणी एक दिवस येतं, एक दिवस रुसतं. बाजारात भरिताची वांगी आली आहेत, पण नुसती दिसायलाच गोरीगोमटी. परवा गॅसवर भाजून भरीत केलं. ललितने पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, "छान झालंय." तेव्हाच मला कळलं की काही खरं नाही. भरीत चांगलं जमलं की तो बोलत नाही, ताट पुढे करतो.

अक्का, 'तुम्ही' लिहायला गेलं की हात अडखळतो. सोळा वर्षं आपण दोघी जावा एका चुलीपाशी 'तू' म्हणत भांडलो. रागावलीस तरी चालेल, इथून पुढे तूच लिहिते.

फोन न करता पत्र का लिहिलं, ते तुला कळलं असेलच. भाऊ फोन स्पीकरवर लावतात आणि सगळं घर ऐकतं. हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही. लोटनमामा उद्या भडगावला निघाले आहेत, त्यांच्याकडे पाकीट देते. तुझ्याच हातात द्या म्हणून बजावलं आहे.

त्या टीव्हीवाल्यांनी आपल्या भरिताचा भाग पुन्हा काढला आहे. त्या वेळी जो दाखवला तो छोटा होता, कापून-छाटून बसवलेला. आता मोबाइलवर त्यांनी पूर्ण भाग टाकला आहे, दुपटीहून मोठा. रविवारी ललितने लावला. मी म्हटलं बंद कर, मला नाही बघायचा. त्या भागाने काय केलं ते माझं मला माहीत आहे.

छोट्या भागात काय होतं ते तुला सांगायला नको, पण एकदा लिहू दे. आपल्या शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. त्यात वांगी. ती निवेदक बाई मला विचारते, "हे भरीत तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हणते, "माले कोणीच शिकाडं नही." लगेच गाणं, लगेच ताट, लगेच माझ्या नावाची पाटी. तू एकदाच दिसलीस, धुरात, पाठमोरी. नाव नाही, काही नाही.

तुझ्याच ओसरीवर अर्धी गल्ली जमली होती बघायला. शेजारची भागाबाई सगळ्यांसमोर तुला म्हणाली, "तिनी तुनं नावबी लिधं नही वं, सुंदर." मी ओरडून सांगितलं की मी पुढे बोलले होते, त्यांनी ते कापलं. तेव्हा तू उठलीस आणि म्हणालीस, "मी तठेच बठेल व्हतू. ती पुढे काहीच बोलनी नही."

त्यानंतर गल्लीत माझं नाव काय पडलं ते तुझ्या कानावर आलंच असेल. ज्या ताटात जेवली त्याला विसरली. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही टेम्पोत सामान भरलं, तेव्हा तू गोठ्यात होतीस. मागच्या चंपाषष्ठीला शेतात भरीत झालं, सगळा गोतावळा जेवला. आम्हाला निरोप नव्हता. ललितने त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

खरं सांगू? मला तुझा राग आला नाही. मला माझाच संशय येऊ लागला. अक्का तर खोटं बोलणारी नाही. मग मी मनातल्या मनात बोलले असेन आणि तोंडाने बोलले असं मला वाटलं असेल. दीड वर्ष मी हेच घोकत बसले. भांडी घासताना, रस्त्याने चालताना तो प्रसंग आठवायचे आणि दर वेळी माझाच आवाज मला कमी ऐकू यायचा.

तर रविवारी ललितने ऐकलं नाही, भाग लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ती बाई विचारते, मी म्हणते कोणीच शिकाडं नही. इथे गाणं लागायचं. या वेळी गाणं लागलं नाही. माझाच आवाज पुढे आला, "अक्का शिकाडत नही. ती जोडे बठस. मना हातथीन करपनं ते सोता खाई लेस, नि बरं व्हयनं ते मना नाववर वाढस."

लाटणं हातातच घेऊन मी बाहेर धावले. मी बोलले होते गं. अगदी मोठ्याने बोलले होते. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा वांगी कोळसा केली होती. ती तू भाकरीत दडवून खाल्लीस आणि आतली दोन चांगली आबांना वाढून म्हणालीस की नव्या सुनेने केलीत. त्या दिवसाचंच बोलत होते मी.

ललितने ते परत लावलं. मग मी चित्र बघितलं.

अक्का, कॅमेरा माझ्या तोंडावर आहे आणि माझ्या मागे तू आहेस. लाकडी बडगीत वांगी ठेचते आहेस. मी बोलते आहे आणि तुझा हात थांबतो. तू माझ्याकडे बघतेस. मग पदर डोळ्यांना लावतेस आणि कॅमेरावाल्याला दटावतेस, "माले काय देखस? धूर गया डोयामा."

तेही ऐकू येतं.

ललित तर उड्या मारायला लागला. म्हणाला, आत्ताच घरच्या ग्रुपवर टाकतो, तुझं नाव धुऊन निघेल, बघू दे भागाबाईला. मी त्याच्या हातातून फोन हिसकावला. माझं नाव धुऊन निघेल, पण तुला सगळे काय म्हणतील? तू तिथे बसून ऐकलं होतंस आणि नाही म्हणालीस, हे सगळ्या भाऊबंदांना दिसेल. मला ते नको. इतकी वर्षं माझं करपलेलं तू खाल्लंस, मग हे एवढं मी पोटात ठेवेन. ललितला शपथ घातली आहे.

आणखी एक आहे. मी टाळत होते, पण लिहिते. त्याच्या पुढेच ती बाई विचारते, "पुढच्या वर्षीही दोघी मिळून करणार ना?" मी खाली बघते आणि म्हणते, "देखू." तेव्हा ललितचं धुळ्याचं ठरलं होतं आणि मी तुला सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमत होत नव्हती. तू बडगी तशीच सोडून माझ्याकडे बघत राहतेस. तुला माझ्या तोंडावरून तेव्हाच कळलं ना? घर सोडतेय हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. टीव्हीवाल्या बाईसमोर कळायला नको होतं.

चंपाषष्ठी जवळ आली आहे. आम्ही येऊ का? भागाचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तू नुसतं 'ये' म्हण.

भाऊंना नमस्कार. लेकरांना पापा.

तुझ्या जोडीला बसून शिकलेली,
किरण

---

१८ नोव्हेंबर

चि. सौ. किरण हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गोठ्यात बसून वाचलं. मला तुझ्यासारखं लांबलचक लिहिता येत नाही, सातवीपर्यंतच शाळा झाली.

मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

तू 'देखू' म्हणालीस तेव्हाच ओळखलं, तुम्ही घर सोडताय. राग धुळ्याचा होता, काढला भरितावर. तुम्ही चाललात म्हणून रडले असते तर लोक म्हणाले असते, हिला धाकट्यांचं भलं बघवत नाही. नाव घेतलं नाही म्हणून रडले, तर सगळ्या बाया जवळ बसून पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मला ते बरं वाटलं. मग एकदा तोंडातून गेलं ते मागे घेता येईना. तुला तुझ्याच बोलण्याचा संशय यावा, एवढं मी केलं हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचून जेवण गेलं नाही.

तुझ्या नवऱ्याची शपथ मी मोडवली. मीच त्याला फोन केला, पूर्ण भाग मागवला आणि तुला सांगू नको म्हणाले. काल संध्याकाळी ओसरीवर टीव्ही लावला. ज्यांना तेव्हा बोलावलं होतं त्या सगळ्यांना बोलावलं. भागाबाईला पुढे बसवलं. धुराचं आलं तेव्हा आधी सगळे हसले, मग कोणी हसेना. भागाबाई म्हणाली, "म्हणजे तुले ऐकू येल व्हतं?" मी हो म्हणाले. भाऊंनी उठून मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

आता ग्रुपवरही टाकलं आहे. तू पोटात ठेवायची गरज नाही. माझं आहे ते मी खाते.

चंपाषष्ठीला नको, आदल्या दिवशीच या. पऱ्हाट्या आणून ठेवल्या आहेत, बडगी धुऊन उन्हात टाकली आहे. या वर्षी वांगी मी भाजणार. धुराने हल्ली खरंच दिसत नाही, म्हणून तू जोडीला बस. करपलं तर ते तू खायचं.

वाट बघणारी,
तुझी अक्का