आडोशासाठी अर्ज

नेर, ३ ऑगस्ट १९५९

ती. दादास कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहिणार होते, पण मंजू पंधरा दिवस तापात होती. आता उठून बसते, वरणभात मागते, तेव्हा काळजी करू नकोस. पोस्टात माणसं कमी, तरी दवाखान्यात तिला रोज हेच घेऊन गेले.

दादा, पुढचं लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाला लिहू? कमरेत कळा येऊन ताप चढला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं की ही मुलगी दिवसभर पाणी का पीत नाही. मंजू रडायला लागली. म्हणाली, शाळेत आम्ही कोणीच पीत नाही. हायस्कुलात सतरा मुली आहेत आणि त्यांना जायला कुठं आडोसा नाही. मुलगे नाल्याकडे जातात. मुलींनी साडेदहापासून पाचपर्यंत तशाच बसून राहायचं.

मी हेडमास्तर विठ्ठलरावांना भेटले. त्यांनी खुर्ची दिली, चहा विचारला, अर्ज द्या म्हणाले. दिला. आठ दिवसांनी म्हणाले, हे कमिटीच्या अखत्यारीतलं आहे. कमिटीचा सेक्रेटरी यवतमाळला वकिली करतो आणि लहानपणी माझ्या वेण्या खुर्चीला बांधून ठेवायचा. म्हणून हे पत्र.

वहिनींना नमस्कार. तुझी माया आहेच, ती या कामाच्याही वाट्याला येऊ दे.

तुझी, कुंदा


यवतमाळ, १४ ऑगस्ट १९५९

चि. सौ. कुंदास दीनानाथचे अ. उ. आ.

मंजू बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. वेण्या मी बांधायचो खरं, पण खुर्चीसकट पळायचीस तू, हे सोयीस्करपणे विसरलीस.

तू लिहिलेला विषय नाजूक आहे. अशी गोष्ट चार मोठ्या माणसांपुढे कोणत्या शब्दांत मांडावी हाच प्रश्न. शिवाय बहिणीच्या पत्रावरून सेक्रेटरीनं काम काढलं असं कोणी म्हणायला नको. हेडमास्तरांमार्फत रीतसर अर्ज येऊ दे, दिवाळीनंतरच्या बैठकीत घेऊ. सध्या शाळेपुढच्या सभामंचाचं बांधकाम चालू आहे, त्यात हात घालता येत नाही. तोवर मंजूला थोडे दिवस घरीच शिकव.

द्वारका आठवण काढते. रागावू नकोस, रागावलीस तर तसं कळव.

तुझा, दादा


नेर, ७ सप्टेंबर १९५९

ती. दादास शि. सा. न.

रागावले आहे. कळवते.

तुझ्या सांगण्यावरून हेडमास्तरांकडे गेले, तर पहिला अर्ज सापडत नाही म्हणाले. दुसरा दिला. त्यावर पालकाची, म्हणजे वडिलांची, सही हवी. यांनी त्याच दिवशी केली. मग म्हणाले, एकट्या पालकाचा अर्ज धरत नाहीत. मी घरोघर फिरून अकरा सह्या आणल्या. तेव्हा म्हणाले की वर्गशिक्षकांचा शेरा राहिला. खुर्ची मात्र दर वेळी दिली.

या फिरण्यात सोनीबाई भेटली. इथून दोन मैलांवरच्या तांड्यात राहते, शेती करते. तिची रुपी आठवीत आहे. त्या तांड्यातली हायस्कुलात आलेली ही पहिलीच मुलगी. रुपीचा बाप देवसिंग म्हणतो, पोर आजारी पडणार असेल तर नको ती शाळा. सोनीबाई त्याला बधली नाही, थेट हेडमास्तरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मी शेजारीच होते. म्हणाली, मास्तर, माही पोरगी सकायी निघते अन् दिवस बुडता बुडता घरी येते, तिनं काय करावं ते तुमीच सांगा न मले. हेडमास्तर म्हणाले, बाई, सवय होते. त्यावर तिनं विचारलं, तुमाले झाली का सवय?

त्या दिवशी घरी येताना आम्ही ठरवलं. आता रोज मधल्या सुट्टीत आम्ही आया शाळेत जातो, सतराही मुलींना बाहेर बोलावतो आणि बाजारातून माझ्या घरी घेऊन येतो. माझ्याकडे संडास आहे, पाणी आहे. पाळीपाळीनं सगळ्यांचं आटोपून परत पोचायला तास जातो. सुट्टी वीस मिनिटांची. हेडमास्तर सगळ्यांची गैरहजेरी लावतात. लावू देत. बाजारात लोक विचारतात, या पोरी रोज कुठं चालल्या? मी मान खाली घालते. सोनीबाई मोठ्यानं सांगते. आता मीही मान वर ठेवायला शिकते आहे.

तुझ्या बैठकीची वाट बघत नाही, तुझी मात्र बघते.

कुंदा


यवतमाळ, १८ सप्टेंबर १९५९

चि. सौ. कुंदास अ. उ. आ.

विठ्ठलरावांची लेखी तक्रार आली आहे. सेक्रेटरीची बहीण मुलींची मिरवणूक काढते, हे मला कोर्टाच्या आवारात ऐकावं लागलं. नरहररावांची पोस्टातली सरकारी नोकरी आहे, त्यांचा तरी विचार कर. हे ताबडतोब थांबव. वडीलकीच्या नात्यानं लिहितो आहे.

आशीर्वाद आहेतच.

दीनानाथ


यवतमाळ, २८ सप्टेंबर १९५९

सौ. कुंदावन्संस द्वारकेचा सप्रेम नमस्कार.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. एरवी मी यांच्याच पत्राच्या तळाशी एक ओळ लिहून मोकळी होते.

काल कमिटीचे लोक आमच्याकडे जमले. मुलींच्या सोयीसाठी दिवाळीनंतरची तारीख होती, पण मुलींच्या शिस्तीसाठी बैठक तातडीनं भरली. मी चहा घेऊन गेले तेव्हा तुमचा अर्ज वाचत होते. एक गृहस्थ काहीतरी बोलले आणि सगळे हसले. हे हसले नाहीत, पण त्यांना थांबवलंही नाही. मुली शाळा सोडून बाहेर गेल्यास त्यांची नावं कमी करावीत असं ठरलं.

वन्सं, मी सातवीत शाळा सोडली. वीस वर्षं हे चारचौघांत सांगतात की द्वारकेला अभ्यासाचा कंटाळा, आणि मीही हसते. काल जेवायला वाढताना मी सांगितलं की अंकगणितात माझा पहिला नंबर होता. आमच्या शाळेतही आडोसा नव्हता. एकदा वर्गातच माझी फजिती झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. यांनी हातातला घास खाली ठेवला. इतक्या वर्षांत बोलली का नाहीस, असं विचारलं. मी म्हटलं, विषय नाजूक आहे असं तुम्हीच कुंदाला लिहिलंत की.

आज सकाळी हे नेरच्या गाडीची वेळ विचारत होते. गुरुवारी येतील असं वाटतं. त्यांना घरी बसवून घेऊ नका. तुमच्याबरोबर चालवा.

मंजूला पोटभर आशीर्वाद. तुम्हाला काय देऊ, तुमच्याकडूनच घेते आहे.

द्वारका


नेर, २० ऑक्टोबर १९५९

ती. सौ. वहिनीस कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

दादानं सांगायचं तेवढं सांगितलंच असेल. राहिलेलं मी लिहिते.

त्या गुरुवारी तो गाडीतून उतरला तो पिशवीसकट शाळेच्या फाटकाशीच आला. मुली निघाल्या होत्या. नावं कमी होणार हे कळल्यावर पाच जणी त्या दिवशी आल्याच नव्हत्या. उरलेल्या बारा जणींमागून दादा चालत आला, उन्हात, भर बाजारातून. लोक रामराम करत होते आणि कुठं निघालात विचारत होते. पहिल्या दोघांना त्यानं काहीच सांगितलं नाही. तिसऱ्याला सांगितलं. माझ्या ओट्यावर तो सगळ्यांचं आटोपेपर्यंत थांबला. परत पोचलो तेव्हा पंचावन्न मिनिटं झाली होती.

हेडमास्तरांनी कमिटीचा ठराव पुढे केला. दादा म्हणाला, ठरावावर सेक्रेटरीची सही नाही आणि होणारही नाही. मुलींची संडास-मुतारी बांधल्याशिवाय सभामंचाच्या पुढच्या कामालाही सही मिळणार नाही. कमिटीला दुसरा सेक्रेटरी नेमायचा असेल तर खुशाल नेमावा. विठ्ठलराव म्हणाले, पक्कं बांधकाम व्हायला दोन महिने लागतील. तेव्हा सोनीबाई बोलली. दोन महिने आमच्या पोरी कायले थांबतील, जागा दाखवा, बाकी आमी पाह्यतो. शुक्रवारी गांधी जयंतीची सुट्टी होती. देवसिंग तांड्यातले सहा जण घेऊन आला. सोबत बांबू होते, तुरीच्या काड्या विणून केलेले ताटवे होते. खड्डे खणले, कुडाच्या भिंती लिंपल्या, पत्र्याचं दार बसवलं. दादानं कोट काढून बांबू धरले. आतून कडी हवी हे एकाही पुरुषाच्या लक्षात आलं नाही. ती रुपीनं सांगितली.

पाच जणी परत आल्या. आमच्या मुलींच्या गैरहजेऱ्या अजून खोडलेल्या नाहीत. विठ्ठलराव म्हणतात, त्यासाठी वेगळा अर्ज हवा. तो मी काल दिला, आणि पोच घेतली.

एक सांगायचं राहिलं. कूड लिंपून झाल्यावर सोनीबाईनं विचारलं की अकरावीच्या वर्गात एकबी पोरगी काहून नाही. आम्ही जुन्या हजेऱ्या मागून पाहिल्या. तीन वर्षांत नऊ मुली मधेच गेल्या आहेत. कारणाच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द आहे, घरकाम. नावं उतरवून घेतली आहेत. पहिली पलीकडच्या तांड्यातल्या हिरासिंगची मानी, नववीतून गेलेली. उद्या सकाळी आम्ही दोघी तिच्या घरी जातो आहोत. तिथून पुढे बाकीच्या आठ.

दिवाळीला या. तुमच्यासारखी बाई बरोबर असली तर आयांशी बोलणं सोपं जाईल.

तुमचीच, कुंदा