दुकान फोनमध्ये गेल्याची हकिकत

प्रिय भावजी,

वहिनीचा आशीर्वाद. (वयाने तुमच्याहून लहान असले तरी नात्याने मोठी आहे, तेव्हा निमूटपणे घ्या.) कंबर कशी आहे? कारखान्यात दिवसभर उभ्याने काम असतं असं कानावर आलं. आम्ही सगळे ठीक. हे जरा वाळलेत, पण रागाचं वजन आहे तेवढंच आहे.

खुर्चीच्या गादीत काथ्या भरायचा की फोम, यावरून तुम्ही भांडून निघून गेलात, तेव्हापासून दुकानात हातोडीशिवाय कुणी बोलत नव्हतं. त्यात लोक हल्ली खुर्ची मोडली की दुरुस्त करत नाहीत, नवी आणतात. यांनी दुकान भाड्याने देऊन टाकायची भाषा सुरू केली. तुम्हाला ठाऊक आहे, हे माणसांशी कमी आणि खुर्च्यांशी जास्त बोलणारे; दुकान गेलं तर घरात माझ्याच खुर्च्यांचं डोकं खातील. तेव्हा तुमच्या पुतणीने जाहीर केलं की आपलं दुकान फोनवर सापडत नाही, म्हणजे ते जगात नाही. (मी इतकी वर्षं रोज त्याचा केर काढते, तो कुठला काढते कोण जाणे.)

आधी नकाशावर खूण लावायची होती. ती मी लावली. माझं बोट जाड, फोनमधला रस्ता बारीक. खूण पडली समोरच्या दातांच्या डॉक्टरांवर. एक बाई मोडकं स्टूल मांडीवर घेऊन त्यांच्याकडे नंबर लावून बसली. बिचारीला वाटलं, गर्दी आहे म्हणजे कारागीर चांगला असणार. शेवटी डॉक्टर स्वतः स्टूल उचलून रस्ता ओलांडून आले आणि यांना म्हणाले, "हा पेशंट तुमचा." यांनीही पाय हलवून बघितला आणि तितक्याच गंभीरपणे सांगितलं की काढावा लागेल. हे हसल्याचं मी किती दिवसांनी पाहिलं, ते लिहीत नाही.

मग व्हिडिओ. लेकीने यांना इस्त्रीचा शर्ट घालून उभं केलं आणि दुकानाबद्दल दोन शब्द बोला म्हणाली. हे दोनच बोलले. "नमस्कार. खुर्च्या." पुढे नुसतेच बघत राहिले, चोरीच्या संशयावरून धरून आणल्यासारखे. तो व्हिडिओ घरच्यांनी पाहिला आणि दंतवैद्यांनी सहानुभूती कळवली.

खरी गंमत झाली ती मी फोन फळीवर विसरले म्हणून. त्यातलं रेकॉर्डिंग चालूच होतं. हे एका जुन्या आरामखुर्चीचं कापड फाडत तिला रागावत होते. कुणाला बसवून घेतलंस गं इतकं, आपल्याला झेपतं का बघायचं नाही का, आता कण्हू नकोस, अशी सगळी उलटतपासणी. लेकीने तेवढंच कापून फोनवर टाकलं, आणि लोक तुटून पडले. कुठकुठली माणसं लिहायला लागली की आमच्याही खुर्चीला दोन शब्द सुनवा. काम यायला लागलं. (एक आजोबा खुर्ची न आणताच येतात आणि रागावणं ऐकत बसतात. त्यांना चहा द्यावा लागतो.)

आणि मग ते 'जुनं गिऱ्हाईक' उगवलं. कौतुकाचा शब्द नाही, नाव नाही, फोटो नाही, नुसतं लिहिलेलं, "स्प्रिंगची गाठ उलटी पडली आहे." हे भडकले. याला काय कळतं, म्हणून फोन आपटायला निघाले. मग चष्मा लावून स्वतःचाच व्हिडिओ पुन्हा पाहिला. गाठ उलटीच होती. चष्मा काढला आणि मला म्हणाले, "ही गाठ बाबांनी आम्हा दोघांनाच शिकवली होती."

भावजी, आम्हाला तेव्हाच कळलं. दुसरं नाव तरी घ्यायचं; आपल्या दुकानात कुठलं गिऱ्हाईक आतल्या गाठीपर्यंत पोचलंय?

तेव्हापासून यांचा कॅमेऱ्याचा बुजरेपणा गेला. आता हात अगदी फोनजवळ नेऊन गाठ दाखवतात आणि हनुवटी वर करतात. लोकांना वाटतं शिकवतायत. हे तुम्हाला विचारत असतात. आणि गेल्या महिन्यापासून दर व्हिडिओत एक गाठ हटकून चुकते. इतक्या वर्षांचा हात असा कसा चुकेल? तुमची टिप्पणी आली की उसवून सरळ बांधतात आणि मग पोटभर जेवतात. मागच्या आठवड्यात तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, तर दिवसभर दर थोड्या वेळाने लेकीला विचारत होते, तुमचं ते इंटरनेट बंद पडलंय का. ती चुकीची गाठ अजून तशीच आहे. त्या खुर्चीची मालकीण रोज फोन करते.

तब्येतीला जपा. कंबरेला शेक घ्या.

तुमची,
वहिनी

ता.क. हे मागे उभे राहून सगळं वाचत होते. गाठ मुद्दाम चुकवतो हे खोडून टाक, म्हणाले. पेन मी हातातून सोडलेलं नाही.

ता.क. पुन्हा : मुख्य गोष्ट राहिली. व्हिडिओ बघून एका नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले होते. सगळ्या प्रेक्षागृहाच्या खुर्च्या करायच्या आहेत. एकट्याला जमेल का, असं त्यांनी विचारलं, तर हे पटकन बोलून गेले, "एकटा कशाला? आम्ही दोघे भाऊ करतो." सोमवारी काम सुरू. मी आता दुसरा भाऊ शोधते आहे. तुमच्या पाहण्यात कुणी असल्यास रविवारी रात्रीच्या जेवणाला पाठवून द्या.