दोघी जावा, एक किटली

सुर्ला, डिचोली

तीर्थरूप बाबांना निखिलचा नमस्कार.

मी बरा आहे. खनिजाच्या ट्रकवर रोज फेऱ्या मिळतात. धुळीचा खोकला बराच कमी झालाय, आईला मात्र 'गेला' असंच सांगा.

इथे परवा पंचायतीचा निकाल लागला. मी भाड्याने राहतो त्या घरच्या दोघी जावा, देवकीबाय आणि सुविधाबाय, एकाच वॉर्डात एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या! महिनाभर दारातल्या बलकावात, म्हणजे इथल्या बाकांच्या ओसरीत, एका बाकावर हिची माणसं, समोरच्या बाकावर तिची. वाद असे की कौलं उडतील. पण घरात चूल एकच, म्हणून दोन्ही बाकांना चहा एकाच किटलीतला. बायका कसल्या भारी आहेत, बाबा!

देवकीबाय नऊ मतांनी पडल्या. त्या दिवशी जेवताना त्यांचा मुलगा देवेश मान खाली घालून म्हणाला, "आई, हांवें काकीक मत दिलें." माझा घास हातातच राहिला. देवकीबायनी तळलेल्या माशाची मोठी तुकडी आधी त्याच्याच ताटात वाढली. म्हणाल्या, "मत तुजें, पूण जेवण म्हज्या हातचें. जेव."

तुम्ही आणि काका ग्रामपंचायतीला समोरासमोर उभे राहिलात, तेव्हापासूनचा अबोला अजून तसाच आहे का? काका अजून वाट बदलून जातात?

बाबा, तुम्ही पाच मतांनी पडलात. मी काकांना मत दिलं होतं.

चतुर्थीला घरी येतोय. माझं पान वाढाल ना?

तुमचाच,
निखिल